वॉर्डच्या दारात काय म्हणायचं

आई, काल मला डिस्चार्ज मिळाला. पोटातली गाठ काढली, ती तपासायला पाठवली आणि तिच्यात वाईट काही निघालं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण कुठलीही हकिकत ऐकताना 'शेवट सांग, मग हवं तेवढं पाल्हाळ लाव' असं तू म्हणायचीस. टाके कोरडे आहेत, ताप नाही, ड्रेनची नळी काढली, काल मऊ भात खाल्ला आणि तो पचला. तुला एवढं पुरलं असतं, उरलेलं तू माझ्या जिभेचा रंग बघून ओळखलं असतंस. मुलुंडच्या घराच्या गॅलरीत पाठीला उशी लावून बसले आहे. आत नवरा कुकर लावून उभा आहे आणि ही कितवी शिट्टी म्हणून मला विचारतोय. मी मुद्दाम सांगत नाहीये. गेला महिनाभर त्याने मला एकाही गोष्टीवर ओरडू दिलं नाही, इतका तो शहाण्यासारखा वागत होता, आणि आज त्याचा भात करपला तरी चालेल असं मला वाटतंय.

हलकं वाटतंय गं. खोटं कशाला बोलू, काल रिक्षात बसल्यावर मला हसूच येत होतं आणि हसलं की टाके ओढत होते. पण हे हलकेपण सगळं त्या रिपोर्टाचं नाही. निम्मं तुझं आहे. तू गेलीस त्याला वीसेक वर्षं झाली असतील. तेव्हापासून तुझं एक वाक्य माझ्या गळ्यात अडकलं होतं, ते काल निघालं. तेच सांगायला बसले आहे.

तो दिवस तुला आठवायला सांगणं म्हणजे कमालच, पण सांगते. घाटकोपरच्या ज्या नर्सिंग होममध्ये तू उभा जन्म सिस्टर म्हणून काढलास, तिथेच तू पोटदुखीने दाखल झालीस. स्वतःच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या कॉटवर. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, इथे नाही जमणार, मोठ्या हॉस्पिटलात हलवू. अँब्युलन्स आली. तू स्ट्रेचरवर आहेस, मी तुझ्या उशाशी सलाईनची बाटली उंच धरून उभी आहे, मावशी पायाकडे पिशव्या सांभाळतेय. टेबलाशी तुझ्या हाताखालच्या सिस्टर ओळीने उभ्या आहेत. स्ट्रेचर वॉर्डच्या दारात पोचतं आणि तू स्पष्ट आवाजात म्हणतेस, "जाते गं." त्यातली सगळ्यात लहान सिस्टर तोंडावर हात ठेवून खुदकन हसते. मोठ्या हॉस्पिटलात तुला लगेच ऑपरेशनला घेतलं आणि तू शुद्धीवर आलीच नाहीस.

मावशीने ते वाक्य धरून ठेवलं. आपल्याकडे खाली दूध आणायला उतरणारासुद्धा 'येतो' म्हणून उतरतो, आणि मालवणच्या बाजूची, चार माणसांत वावरलेली बाई 'जाते' म्हणते म्हणजे काय. तेराव्याला आलेल्या प्रत्येकीला मावशी सांगत होती, "सांगून गेली गं माझी बहीण. तिला कळलं होतं." बायका मान हलवायच्या. असं सांगून जायला भाग्य लागतं, म्हणायच्या. मला त्यात भाग्य काही दिसलं नाही. मला तुझा संताप आला होता. कळलं होतं तर मला जवळ बसवून सांगायचंस, माझा हात धरायचास. जाता जाता, दारात, चप्पल घालताना सांगावं तसं कसलं सांगतेस? आणि त्या पोरीच्या हसण्याचा राग तर इतका होता की पुढे कधी घाटकोपरला उतरले तरी मी त्या गल्लीतून जात नसे. आता तिथे टॉवर झालाय, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

आता जरा माझ्या कामाचं ऐक, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. तू गेल्यावर मी अंधेरीला एका ऑफिसात लागले. हॉस्पिटलात लागणाऱ्या मशिनांच्या पडद्यांवर जे शब्द उमटतात, ते निरनिराळ्या भाषांत करून घेणं हे आमचं काम. भाषांतर मी करत नाही, करणाऱ्यांच्या मागे लागते. इंग्रजी शब्द एकाखाली एक मांडून पाठवायचे, समोरच्या माणसाने शेजारच्या चौकटीत आपल्या भाषेतला शब्द भरायचा, आम्ही तपासायचं. फिनलंडच्या भाषेसाठी तिथलीच एक बाई आहे. माझ्याच वयाची, केस बारीक कापलेली, कॉलवर नेहमी लोकरीचे मोजे विणत बसलेली. आम्ही बोलतो इंग्रजीत. इंग्रजीत तू आणि तुम्ही असं काही नसतं, म्हणून मी मनातल्या मनात तिला कधीच तू करून टाकलंय. ती फार चिवट आहे. सगळे लोक शब्द भरून मोकळे होतात, ही चौकट रिकामी ठेवून परत पाठवते आणि वर विचारते, "हे कोण बोलतंय? कोणाला? आणि कुठे उभं राहून?" आमच्या ऑफिसात तिला सगळे वैतागतात. मीही वैतागायचे. पण नंतर नंतर मलाच ती सवय लागली. घरी नवरा काही बोलला की मी विचारते, हे कोणाला, मला की टीव्हीला?

गेल्या वर्षी डिस्चार्ज हा शब्द तिच्याकडे गेला आणि परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. मी कॉल लावला आणि म्हटलं, "अगं, साधा शब्द आहे. आमच्याकडे लहान पोरांनाही कळतो."

"कुठला साधा?" ती म्हणाली. "मला इथे पाच-सहा दिसतायत. बॅटरीचा असेल तर पुर्का. सामान उतरवतो, एखादी वस्तू खोलून सुटी करतो, तेव्हाही आम्ही पुर्काच म्हणतो."

"बॅटरीचा एक आहे. पण जखमेच्या नळीतून येतो तोही आहे."

"मग तो एरिते. आणि मशीनमधलं वापरलेलं पाणी गटारात सोडत असाल तर ते पॅस्तो. नदीत किती पाणी वाहतं ते मोजत असाल तर विर्तामा. माणसाला जबाबदारीतून मोकळं केलं तर वपउत्ता. बंदुकीचा असेल तर लउकउस." सुया थांबवून तिने कॅमेऱ्यात बघितलं. "तुमच्या मशीनमध्ये बंदूक नाही ना?"

मला हसू आलं. एका इंग्रजी शब्दाने बॅटरीपासून बंदुकीपर्यंत सगळ्यांची कामं अंगावर घेतलेली, आणि ही बाई एकेकाला हाताला धरून आपापल्या घरी सोडत होती. मी म्हटलं, बंदूक नाही, पण पेशंटचा राहिला. पेशंट बरा होऊन जातो तो.

"तो कोतिउत्ता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा मऊ झाला. "यात कोति आहे. कोति म्हणजे घर. पेशंटला आम्ही नुसतं बाहेर नाही काढत, घरी पोचवतो. सैन्यातली सक्तीची नोकरी संपली की पोरांनाही हाच शब्द. तुमच्या भाषेत काय म्हणता?"

डिस्चार्जच म्हणतो, असं मी म्हणणार होते. पण तोंडातून तुझा शब्द आला. तू संध्याकाळी घरी येऊन चहा पिताना सांगायचीस ना, आज बारा नंबरला घरी सोडलं, आज त्या टायफॉइडवाल्या पोराला घरी सोडलं. मी तिला म्हटलं, "आम्हीसुद्धा घरी सोडलं म्हणतो." तिला इतका आनंद झाला की तिने हातातला मोजा वर करून दाखवला. मला मात्र भरून आलं. तुझा वॉर्ड माझ्या इतका समोर कित्येक वर्षांत आला नव्हता.

शाळा सुटल्यावर मी चेंबूरच्या घरी न जाता तुझ्याकडे यायचे, आठवतं? वॉर्डाच्या कडेच्या खोलीत सुया उकळायचं भांडं शेगडीवर असायचं आणि मी तिथल्या स्टुलावर बसून अभ्यास करायचे. डेटॉलच्या वासात मी आठवी-नववी पार केली. त्या खोलीतून वॉर्डचं दार दिसायचं. बरा झालेला पेशंट निघाला की तू हातातलं काम टाकून त्या दाराशी जाऊन उभी राहायचीस, कारण तो तिथे हमखास चुकणार हे तुला ठाऊक असायचं. जन्मभराची सवय. माणूस हात जोडणार आणि म्हणणार, येतो हं, सिस्टर. कुडाळकडचे ते आजोबा मला अजून डोळ्यांसमोर दिसतात, धोतर, कानटोपी आणि काखेत वळकटी. ते म्हणाले, "येतंय हां, बाय."

"येतंय खंय?" तू कमरेवर हात ठेवलास. "हंय काय तुमची सासुरवाडी आसा? जातंय म्हणा."

आजोबा बिचारे गोंधळले. निघताना जातो म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी हात जोडून, खाली मान घालून म्हणाले, "जातंय, जातंय." सगळा वॉर्ड हसला, तेही हसले, आणि तू त्यांच्या हातावर दोन पेढे ठेवलेस, त्यांनीच वाटलेल्यातले.

घरच्या दारात येते, वॉर्डच्या दारात जाते, असा तुझा नियम होता. डॉक्टरांचा नव्हे, तुझा. मला तर त्यावरून बोलणी बसलेली आहेत. एकदा तुझा डबा देऊन निघताना मी येते म्हणाले आणि तू मला जिन्यावरून परत बोलावलंस. "परत जा टेबलापर्यंत आणि नीट म्हण."

"मी काय पेशंट आहे?"

"पेशंट नाहीस, स्टाफही नाहीस. इथे येते फक्त स्टाफने म्हणायचं, आम्हाला उद्या यायचंच आहे. बाकी कुणी या दारात येण्याच्या गोष्टी करायच्या नाहीत." मी पाय आपटत टेबलापर्यंत गेले, जाते म्हणाले, आणि चेंबूरला पोचेपर्यंत तुझ्यावर फुगून राहिले. रात्री जेवताना तू मला माशाची मधली तुकडी वाढलीस, त्यावर आपलं मिटलं.

एवढं सगळं माझ्यापाशी होतं, आई. नियम मला पाठ होता आणि शेवटचं वाक्यही पाठ होतं. तरी ती दोन कधी शेजारी आली नाहीत. मावशीचं 'सांगून गेली' मध्ये उभं होतं ना.

मग यंदा माझी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. अंधेरीच्या ऑफिसात रजा टाकली, त्या बाईला कळवलं की थोडे दिवस दुसरं कुणीतरी तुझ्याशी भांडेल. भीती वाटली का म्हणशील तर हो, फार वाटली. आणि भीतीला नेमकं तुझंच तोंड होतं. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नवरा स्ट्रेचरबरोबर चालत आला. म्हणाला, "अगं, बोल ना काहीतरी. अशी काय गप्प?" मी काय बोलणार? येते म्हणायचा मला भरवसा नव्हता, आणि जाते म्हणायची माझी छाती नव्हती. तू म्हणालीस आणि परत आली नाहीस, हेच डोक्यात. मी त्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवलं. नंतर रिपोर्टाची वाट बघताना रोज वाटायचं, तिला जसं कळलं होतं तसं मला कळतंय का? मी आतल्या आत कान लावून बसायचे. पोटात गुरगुरलं तरी वाटायचं, हे तेच असेल.

काल डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, हसले, म्हणाले घरी जा. कागद तयार व्हायला दुपार गेली. नवऱ्याने पेढे आणले, सगळ्यांना वाटले, समोरच्या कॉटवरच्या बाईला दोन दिले. मी साडी नेसले, केस विंचरले, आणि निघताना टेबलाशी बसलेल्या सिस्टरला हात जोडून म्हणाले, "येते हं, सिस्टर."

ती फोनवर होती. मान वर न करता म्हणाली, "हो हो, या."

लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मला काही वाटलं नाही. दार बंद व्हायला लागलं आणि माझ्या तोंडातून काय गेलं ते ध्यानात आलं. तुझी पोर, तुझ्या वॉर्डात वाढलेली, आणि मी त्या आजोबांनी केली तीच चूक करून बसले होते. मी लिफ्टच्या दारात हात घातला.

"आता काय झालं?" नवरा म्हणाला.

"पाण्याची बाटली राहिली."

"मी आणतो ना."

"तुला नाही सापडायची." पाण्याची बाटली त्याच्याच हातात होती. त्याने एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि लिफ्ट धरून उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्याचा काहीतरी उपयोग होतो म्हणायचा.

मी टाके सांभाळत वॉर्डच्या दाराशी गेले. सिस्टरचा फोन संपला होता, शेजारी एक शिकाऊ मुलगी गोळ्या मोजत होती. मी नीट उभी राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, जाते."

ती म्हणाली, "जा ना मग, मॅडम. कोणी अडवलंय का तुम्हाला?"

आणि ती शिकाऊ मुलगी तोंडावर हात ठेवून खुदकन हसली.

अगदी तसंच हसली, आई. मला तिचा राग आला नाही. कसा येईल? एक बाई पेढेबिढे वाटून, निरोप घेऊन गेली आणि मुद्दाम परत येऊन शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून जाते म्हणाली, यात हसू येण्यासारखंच होतं. मग मी तिथेच, दाराच्या चौकटीला धरून, तुझ्या त्या दिवसाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. कोण बोलतंय, कोणाला, कुठे उभं राहून. तू उभी नव्हतीस, आडवी होतीस, आणि मी तुझ्या उशाशी होते. तुला मी दिसतच नव्हते. तुला टेबल दिसत होतं आणि त्याच्याशी ओळीने उभ्या असलेल्या तुझ्या पोरी. आयुष्यात पहिल्यांदा तू त्या दारातून स्टाफ म्हणून नव्हे, पेशंट म्हणून निघाली होतीस. इतकी वर्षं जगाला त्या दारात अडवून जे म्हणायला लावलंस, ते तू स्वतः म्हणालीस. ती पोरगी हसली कारण मोठ्या सिस्टरवर स्वतःचाच नियम पाळायची पाळी आली होती. तू तिला हसवायलाच ते म्हणाली असशील. मला तू जाते कशाला म्हणशील? मी तर तुझ्याबरोबर अँब्युलन्समध्ये बसणार होते. बरोबर येणाऱ्या माणसाचा निरोप कुणी घेतं का?

आणि अँब्युलन्समध्ये तू माझ्याशी बोललीस की. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. चेंबूरच्या सिग्नलला गाडी अडकली होती. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "संध्याकाळी पाणी येईल, पिंप भरून ठेव. घरी आले की केस धुणार आहे. चिकट झालेत नुसते." मी हो म्हटलं. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन पिंप भरलंही होतं, काठोकाठ. वरून झाकण ठेवलं होतं.

तुला काही कळलं नव्हतं, आई. तू मला सोडून जायला निघाली नव्हतीस, केस धुवायला घरी यायला निघाली होतीस. तू आली नाहीस याचं दुःख आहे ते आहेच, ते तसंच राहू दे. पण इतकी वर्षं तू मला जाणूनबुजून दारात टाकून गेलीस असं जे मी समजत होते, ते संपलं. मावशी आता थकली आहे, तिला हे सांगणार नाही. तिचं 'सांगून गेली' तिला राहू दे, त्यावर तिने तेरावा पार पाडला होता. त्या फिनलंडच्या बाईला मात्र सांगेन. मोजे विणता विणता ऐकेल आणि बहुतेक आणखी एक प्रश्न विचारेल.

हे पत्र मी घडी करून उशीच्या अभ्र्यात सरकवून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकणार? आत नवरा हाका मारतोय, भात लागलेला दिसतोय, वास आलाय. शेवटी काय लिहावं तिथे मात्र मी मघापासून अडून बसले आहे. घरातून निघताना म्हणतात ते 'येते' तुला लिहवत नाहीये. एक गोष्ट महिनाभर कुणापाशी बोलले नाही, ती तुझ्यापाशी बोलते, रागावू नकोस. रिपोर्टाची वाट बघताना सगळे म्हणायचे, आई आहे ना वर, ती बघेल तुझ्याकडे, आणि मला मनातून वाटायचं, तिने बघू दे, पण बोलावू नये. तुझी कितीही आठवण आली तरी मला इतक्यात तुझ्याकडे यायचं नाही. मला इथेच राहायचंय, करपलेला भात खात.

म्हणून, तुझ्याच नियमाने, जाते गं.